घरातला गारवा : काल, आज आणि विजेचे बिल



एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचे विजेचे बिल हाती पडते, नेमके त्याच सुमारास जूनमधल्या वह्या-पुस्तकांची, गणवेशाची आणि फीची यादीही घरात येते. दोन्ही कागद एकाच पाकिटातून फेडायचे असतात. कुर्ला, घाटकोपर, जोगेश्वरी, बेहरामपाडा, मालवणी अशा वस्त्यांतून, पत्र्याखाली किंवा गच्चीलगतच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना हा हिशेब कोणी समजावून सांगायला नको. आणि दहावीचा पेपर मार्च महिन्यात असतो. दुपारी दोन वाजता तापलेल्या पत्र्याखाली बसून भूमितीचे प्रमेय पाठ करणाऱ्या मुलीला उकाडा म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणत्याही विद्वानापेक्षा अधिक ठाऊक आहे.

हा लेख इतिहासाचा आहे. तेव्हा वीजबिलाचा विषय इथे कोठून आला, असे आपल्याला वाटेल. पण गारवा मिळवण्याची धडपड माणसाने वीज येण्याच्या कितीतरी शतके आधी केली आहे, आणि त्या धडपडीतल्या काही गोष्टी आजही फुकटात किंवा थोडक्या पैशात आपल्या उपयोगी पडतात. काही मात्र मुळीच पडत नाहीत. कोणत्या पडतात आणि कोणत्या नाहीत, हे नीट कळले तर निदान पैसे चुकीच्या ठिकाणी जाणार नाहीत.

प्रथम आपला उकाडा ओळखू या. मुंबईचा उन्हाळा दिल्ली-नागपूरसारखा नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेतील नोंदींप्रमाणे मार्च ते मे या काळात दुपारचे कमाल तापमान सरासरीने ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नागपूरकर हे ऐकून हसेल. तथापि आपल्या हवेत समुद्राची वाफ भरलेली असते. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकणे हीच शरीर थंड करण्याची निसर्गाची युक्ती असल्यामुळे ३३ अंशांतही जीव कासावीस होतो. आपला खरा सोबती म्हणजे खारा वारा. सकाळी जमीन तापू लागली की दुपारच्या सुमारास समुद्रावरून वारा आत येतो आणि पारा पुढे चढत नाही. ज्या दिवशी पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला अडवून ठेवतो, त्या दिवशी मुंबई भाजून निघते. १४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझला ४२.२ अंशांची नोंद झाली, ती अशाच प्रकारच्या तापण्याची परिसीमा होय. मुलुंड-भांडुपकडे हा वारा अंधेरी-वर्सोव्यापेक्षा उशिरा आणि दमून पोहोचतो, हे तिकडच्या रहिवाशांना अनुभवाने माहीत आहेच.

या वाऱ्याचा आणि सावलीचा सर्वांत जुना उपयोग पाहायचा असेल तर लांब जाण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी पाहा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी तेथे शंभराहून अधिक लेणी कोरली. सहलीला गेलेली मुले तेथील मूर्ती पाहतात आणि परततात. पुढच्या वेळी जरा वेगळे पाहा. बहुतेक लेण्यांना पुढे ओसरी आहे, म्हणजे ऊन थेट खोलीत येत नाही. आत बसायला दगडी कट्टा आहे. दाराशीच खडकात कोरलेले पाण्याचे टाके आहे, ज्याला पोढी म्हणतात. डोंगराचा अवाढव्य दगड दिवसभर ऊन पितो, पण ते आतपर्यंत पोहोचेस्तोवर रात्र होते. मे महिन्यातही त्या खोल्यांत शिरल्यावर अंगावरून गार हात फिरल्यासारखे वाटते. जाड भिंत, पुढची सावली, जवळ पाणी, इतकेच त्यातले तंत्र. भाडे नाही, मीटर नाही.

आता दख्खनकडे वळू. मध्य आशियातून आलेल्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या तीन गोष्टींची तक्रार केली आहे : ऊन, सोसाट्याचा वारा आणि धूळ. म्हणून त्याने आग्र्याला बाग, विहीर आणि हमाम बांधून घेतले. त्याच्या नातवाच्या, म्हणजे अकबराच्या, काळी अबुल फझलने आईन-ए-अकबरीत दोन युक्त्यांची नोंद केली. एक, वाळ्याच्या मुळांच्या भिंती विणून त्यावर पाणी शिंपडायचे. दुसरी, सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून आतले पिण्याचे पाणी गार करायचे. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना रसायनाच्या तासाला शिकवले जाते. तोफेच्या दारूतला तोच सोरा सरबताच्या कामी यावा, यात थोडी गंमत आहे खरी.

दख्खनच्या सुलतानांनी पाण्याचा उपयोग अधिक मोठ्या प्रमाणावर केला. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) फराहबाग हा निजामशाही महाल १५८३ मध्ये पुरा झाला तो एका तलावाच्या मधोमध. चहूबाजूंनी येणारा वारा पाण्यावरून आल्याखेरीज महालात शिरू शकत नसे. नळदुर्गच्या किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीला बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात सांडव्यावरून पडणारे पाणी त्याच्या झरोक्यांसमोरून कोसळते. लोक त्या दोन धारांना नर आणि मादी म्हणतात.

पण मला स्वतःला या साऱ्यांहून औरंगाबादची पाणचक्की अधिक जवळची वाटते. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पाणचक्की जागेवरच आहे.) मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे गाव वसवले, ते पुढे औरंगाबाद झाले. त्याने शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. तीच परंपरा पुढे नेत अठराव्या शतकात, १७४४ च्या सुमारास, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणून ते उंचावरून सोडण्यात आले. त्या पाण्याच्या जोराने जाते फिरे आणि दर्ग्यात येणाऱ्या-राहणाऱ्यांसाठी पीठ दळले जाई. जात्याची गोष्ट सगळेच सांगतात. न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, जात्यासमोर जो मोठा लांबट हौद आहे, त्याचा तळ म्हणजे खालच्या एका प्रशस्त खांबी दालनाचे छत आहे. डोक्यावर सतत वाहते पाणी आणि खाली दालन. सूर्याने कितीही आग ओकली तरी ती आधी त्या पाण्यालाच तापवणार, आणि पाणी तर वाहत पुढे निघून जाणार. खाली बसलेल्या माणसापर्यंत उन्हाचा निरोप पोहोचतच नाही. दरबारी माणसांसाठी महाल बांधणे एक, आणि मुसाफिरांसाठी व शिकणाऱ्यांसाठी अशी जागा बांधणे दुसरे. म्हणून ही पाणचक्की मला त्या महालांपेक्षा मोठी वाटते.

मुंबईतही याचे एक भावंड आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मशीद १८०२ मध्ये पुरी झाली. ती एका जुन्या तलावावर उभी आहे, आणि इमारतीला पेलणाऱ्या कमानी त्या पाण्यातूनच वर आल्या आहेत. कोकणी व्यापाऱ्यांचा तिच्या उभारणीत मोठा हात होता. भर बाजारातल्या गर्दीतून हौदाशी आले की हवेतला फरक लगेच जाणवतो.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी, कारण नेमके इथेच बरेच पैसे वाया जातात. अकबराची वाळ्याची ताटी आणि आजचा डेझर्ट कूलर यांचे तत्त्व एकच : पाण्याची वाफ होते आणि ती होताना उष्णता खेचून घेते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता लागते, तेव्हा हा काही लहान सौदा नव्हे. पण हवा कोरडी असेल तरच. औरंगाबादेत, जळगावात, नागपुरात कूलर उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत वाफेला जागाच नसते. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चादरी ओलसर, भिंती ओलसर आणि घाम पूर्वीपेक्षा जास्त. नागपूरच्या मावशीने सांगितले म्हणून कूलर घेऊन आलेली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो पोटमाळ्यावर टाकणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांत एक माझेही होते. खिडकीला ओला पडदा बांधण्याचेही तेच. आपल्याकडे घरातली हवा ओली करायची नसून ती हलती ठेवायची असते, एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्या कोकणातल्या वाडवडिलांना हे पक्के ठाऊक होते. रत्नागिरी, रायगडकडचे जुने घर आठवा. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे पडवी, मध्ये माजघर, वर पोटमाळा, शेणाने सारवलेली जमीन आणि नळीची कौले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि चपटी मंगळुरी कौले हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते. पोटमाळा मध्ये असल्याने छताची आग खाली उतरत नाही. पडवीमुळे भिंतीवर ऊन पडत नाही. समोरासमोर दारे असल्याने वारा आरपार जातो. उपनगरांतले जुने कौलारू बंगले आणि गावठाणातली घरे याच जातीची होती. वांद्रे, अंधेरी, मुलुंडमध्ये त्यांतली काही अजून तग धरून आहेत.

श्रीमंतांनी मात्र त्याच काळात गारवा विकत घेण्याची वाट धरली. अमेरिकेतल्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तलावांवर गोठलेला बर्फ कापून, भुशात गुंडाळून १८३३ मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला जहाजाने धाडला. १८० टनांपैकी सुमारे १०० टन शिल्लक पोहोचला. लवकरच मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. साहेबांच्या बंगल्यांत छताला टांगलेला पंखा दोरीने ओढायला माणूस ठेवलेला असे. सारी दुपार दुसऱ्याला वारा घालताना तो स्वतः व्हरांड्यात घामाघूम होई. ज्यांना त्याहून अधिक हवे ते डोंगरावर जात. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी शोधले, आणि १९०७ मध्ये तेथे छोटी आगगाडी पोहोचली. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, आणि भांडवल घातले त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. सुट्टीत त्या गाडीत बसाल तेव्हा हे नाव मुलांना जरूर सांगा.

ज्यांना माथेरान परवडत नव्हते त्यांच्या वाट्याला चाळ आली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाट, अंधाऱ्या, कोंदट वस्त्यांत त्याने थैमान घातले. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडण्यात आले. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला. तो सोप्या भाषेत असा की, खिडकीसमोर जेवढी मोकळी जागा असेल त्याच्या दुपटीहून समोरची इमारत उंच असू नये. (साडेत्रेसष्ट अंशांचा टॅन्जंट काढून पाहा, उत्तर जवळजवळ दोन येईल. त्रिकोणमितीचा व्यवहारात काय उपयोग, असे विचारणाऱ्या दहावीच्या मुलांसाठी हे उदाहरण.) ट्रस्टने गरिबांची घरे पाडली तितकी बांधली नाहीत, हा त्यावरचा आक्षेप खराच आहे. पण खिडकीसमोरची मोकळी जागा ही चैन नसून औषध आहे, हे निदान कागदावर तरी मान्य झाले.

शंभर वर्षांनी आपण ते विसरलो. पुनर्वसनाच्या नावाखाली एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींत खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. गोवंडीकडील अशा काही वसाहतींमध्ये उजेड व वारा यांचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या कुटुंबाचे वीजबिल वाढते ते केवळ नव्या हौसेमुळे नाही. वारा गेला, त्याची जागा विजेने घेतली.

आणि ही वीज उपनगरांत आली केव्हा? शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी ट्राम कंपनीची वीज आली, आणि १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून ती वाहू लागली. उपनगरांसाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ मध्ये निघाली. जुनी माणसे अजून बिलाला ‘बीएसईएसचे बिल’ म्हणतात, जरी ती कंपनी आधी रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. मुलुंड-भांडुपकडे महावितरणची वीज आहे. त्या सुमारासच, १९३० मध्ये, जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झाले. टेकडीवरची दगडी इमारत, भोवती झाडे आणि खुला वारा, त्यामुळे तेथे शिकलेल्या पिढ्यांना उकाड्याची आठवण फारशी नसावी. १९३३ मध्ये कुलाब्याचे रीगल थिएटर वातानुकूलित झाले तेव्हा लोक सिनेमाइतकेच गारव्यासाठीही तिकीट काढत असतील, असे मला वाटते. पुढे यंत्र घरात आले, आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटला पहिली वातानुकूलित लोकल सुटली.

आता कागद-पेन्सिल घ्या. साधा जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. तो दिवसाला १६ तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. घरात दोन पंखे असतील तर ७२. नव्या बीएलडीसी पद्धतीचा पंखा साधारण ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दोन पंख्यांचे महिन्याला २९ युनिटदेखील होत नाहीत. म्हणजे ४३ युनिटांची बचत, आणि तीही काहीही त्रास न सोसता. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाचे लेबल सक्तीचे झाले आहे, तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर न जाता लेबल वाचावे. पंखा खोली थंड करीत नाही, तो फक्त आपला घाम सुकवतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे निव्वळ नुकसान. जुना डब्यासारखा रेग्युलेटर पंखा हळू केला तरी उरलेली वीज स्वतःच तापून वाया घालवतो, तोही बदलावा.

दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण जोरात चालताना तासाला साधारण दीड युनिट घेते. रात्रीचे आठ तास म्हणजे १२ युनिट, महिन्याला ३६०. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो, म्हणून एक तृतीयांश वेळ विश्रांतीची धरली तरी २४० उरतात. आता आपल्या बिलामागची पायरी पाहा. पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि त्यापुढचे त्याहून चढ्या दराने. वरचा दर सगळ्या युनिटांना लागत नाही, फक्त वरच्या पायरीतल्या युनिटांना लागतो, हे पुष्कळांना माहीत नसते. तरीही अर्थ तोच : १५० युनिटांचे घर यंत्र लावताच ३९० वर जाते आणि शेवटचे ९० युनिट महाग पायरीवरचे असतात. वाचवलेला प्रत्येक युनिट हा आधी या महाग पायरीवरून उतरतो. म्हणून उन्हाळ्यातली बचत हिवाळ्यातल्या बचतीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

यंत्र घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध असेल तर ते कधी कधी गरजेचे असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने डझनाहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. पण यंत्र घेतले तर ते १८ वर नव्हे, २४ किंवा त्यापुढे ठेवून वर पंखा हळू लावावा. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नव्या यंत्रांत २४ अंश हाच मूळ आकडा ठेवलेला असतो. जाळी दर पंधरवड्याला धुवावी. आणि मुख्य म्हणजे, वरचा पत्रा किंवा स्लॅब तापलेला असताना खाली यंत्र चालवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

तेव्हा आधी छत. पाणचक्कीच्या हौदाचा धडा येथे कामाला येतो : ऊन घरात शिरल्यावर त्याच्याशी झुंजू नका, बाहेरच अडवा. छतावर वाहते पाणी ठेवणे आपल्याला शक्य नाही. ओली गोणपाटे पसरली तर पत्रा थंड होतो, कारण ती वाफ बाहेर जाते, घरात नाही. पण जेथे पिण्याचे पाणी हंड्याने विकत घ्यावे लागते, तेथे ते छतावर ओतायला सांगणे हा क्रूर विनोद ठरेल. त्याऐवजी चुना. पांढरा रंग उन्हाचा बराच मोठा भाग जसाच्या तसा परत पाठवतो, तर काळपट गच्ची किंवा गंजका पत्रा तो गिळतो. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील महानगरपालिकेने उष्णतेशी लढण्याचा आराखडा तयार केला आणि २०१७ पासून झोपडवस्त्यांच्या छतांवर पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये याचे धोरणच केले. आपल्याला कोणाच्या धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेविकॉल मिसळून होळीच्या सुमारास दोन हात द्यावेत. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून हे काम दरसाल करायचे. चुना कालवताना उसळतो, डोळ्यांना इजा करतो, तेव्हा मुलांच्या हाती देऊ नये. जुन्या सिमेंटच्या, म्हणजे अॅस्बेस्टॉसच्या, पत्र्याला खरवडू नये, घासू नये आणि भोकही पाडू नये, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. त्यावरून नुसता ब्रश फिरवावा, आणि कोणताही पत्रा असो, चढताना त्यावर पाय न देता फळी टाकावी.

खालून छत मारायचे असेल तर थर्माकोल टाळा, तो झटकन पेट घेतो. बांबूची चटई किंवा प्लायवूड बरे, मात्र पत्रा आणि छत यांच्यामधली तापलेली हवा निघून जाईल अशी दोन्ही टोकांना वाट ठेवा. पोटमाळ्याचे जे काम कोकणातल्या घरात होते, तेच येथे वितभर पोकळीने होते. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून चटई टांगणे कितीतरी गुणकारी. काच ओलांडून ऊन आत आले की ते आपले झाले. खारा वारा सुरू झाला की पश्चिमेची खिडकी आणि समोरचे दार दोन्ही उघडी हवीत, मध्ये कपाट नको. शेजारी एकमेकांशी बोलून जिन्यातली खिडकी मोकळी ठेवू शकतात, जी सध्या बहुधा मोडक्या सायकलींनी भरलेली असते.

शेवटी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एक काम. साधा खोलीचा तापमापक फार महाग नसतो. चार घरांनी मिळून एक घ्या. चुना देण्याआधी सात दिवस, दुपारी तीन वाजता आणि रात्री दहा वाजता, एकाच खोलीतले तापमान वहीत लिहा. चुना दिल्यावर पुन्हा सात दिवस लिहा. शेजारच्या, चुना न दिलेल्या एका घरातही तेच करा, नाहीतर त्या आठवड्यात हवाच पालटली होती की छतामुळे फरक पडला, हे कळणार नाही. तापमापक भिंतीला टेकवू नका, पत्र्याखाली अगदी वर टांगू नका आणि पंख्याच्या झोतातही ठेवू नका. बसलेल्या माणसाचे डोके जिथे येते, साधारण त्या उंचीवर, दोरीने मोकळा लटकवा. एप्रिल आणि मे महिन्यांच्या बिलांवरील युनिटांचा आकडा त्याच वहीच्या मागच्या पानावर, गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.